४:३ चं १६:९ आणि १६:९ चं ४:३, माणसं जाड-बारीक न करता

लग्नाची, बारशाची किंवा शाळेच्या गॅदरिंगची जुनी कॅसेट डिजिटल करून आणली, घरच्या मोठ्या टीव्हीवर लावली आणि सगळी मंडळी बुटकी, गोलमटोल दिसायला लागली, तर समजावं की ४:३ चं (रुंदी ४ तर उंची ३) चित्र कुणीतरी १६:९ च्या चौकटीत ताणून बसवलंय. याच्या उलटही घडतं. डीव्हीडीवरचं रुंद चित्र कॉम्प्युटरवर घेतलं की माणसं उंच आणि किडकिडीत होतात. दोन्ही दोष दुरुस्त होतात, आणि बऱ्याच वेळा व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करताही.

या कामात एक नियम सगळ्यांच्या वर ठेवा: चित्रातलं वर्तुळ वर्तुळच राहिलं पाहिजे. काळी पट्टी सहन होते, कडेचा थोडा भाग गेला तरी चालतो, पण ताणलेला चेहरा कधीही स्वीकारू नका. ज्यांचं दुसरं चित्रण उरलेलं नाही अशी माणसं या कॅसेटमध्ये असतात. ती जशी होती तशीच दिसायला हवीत.

आकड्यांचा हिशोब

४:३ म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंदी, १६:९ म्हणजे १.७८ पट. १०८० ओळींच्या चौकटीत ४:३ चं चित्र १४४० × १०८० एवढं बसतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. तेच चित्र पट्ट्यांशिवाय पूर्ण भरायचं असेल तर ते १९२० × १४४० करावं लागतं, आणि उंचीतल्या ३६० ओळी, म्हणजे चौथा हिस्सा, कापावा लागतो. उलट दिशेने १६:९ चं ४:३ करताना रुंदीचा चौथा हिस्सा जातो: १९२० पैकी ४८० पिक्सेल.

गोंधळ खरा सुरू होतो तो जुन्या फाइलींच्या मापामुळे. भारतात दूरदर्शन आणि घरगुती कॅमेरे पाल पद्धतीचे होते: ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६, सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे निम्म्या ओळींचं चित्र, दोन मिळून एक फ्रेम). डिजिटलमध्ये हे चित्र ७२० × ५७६ असं साठवतात. आता ७२० ला ५७६ ने भागा. उत्तर १.२५ येतं, म्हणजे ते ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. कारण इथला पिक्सेल चौरस नसतो. ४:३ च्या फाइलीत प्रत्येक पिक्सेल १२:११ या प्रमाणात रुंद करून दाखवायचा असतो, १६:९ च्या फाइलीत १६:११. माप दोन्हींचं ७२० × ५७६ च. कुठला पिक्सेल समजायचा हे फाइलीतला एक छोटा टॅग सांगतो. तो टॅग हरवला किंवा चुकला की चित्र बिघडलं.

काही सॉफ्टवेअर ४:३ साठी १२:११ ऐवजी १६:१५ धरतात. दोघांत साधारण २.३ टक्क्यांचा फरक आहे, डोळ्याला जाणवत नाही, त्यावर वेळ घालवू नका. मात्र ७२० पैकी खरं चित्र साधारण ७०४ पिक्सेलमध्येच असतं, कडेचे आठ-आठ पिक्सेल बहुधा काळे किंवा अस्पष्ट असतात, हे लक्षात ठेवा. ते कापले की ७०४ × ५७६ हे १२:११ ने नेमकं ७६८ × ५७६, म्हणजे अचूक ४:३ होतं.

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी पद्धतीची असणार: ७२० × ४८०, सेकंदाला ५९.९४ फील्ड. तिथे ७०४ × ४८० चं ६४० × ४८० होतं. फ्रेम रेट तिचा तिलाच राहू द्या. २५ वर आणायला गेलात की हालचाल अडखळते.

आधी रोग ओळखा

फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा आणि पाच गोष्टी लिहून घ्या: विड्थ, हाइट, डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो, फ्रेम रेट आणि स्कॅन टाइप. स्कॅन टाइप इंटरलेस्ड (एका फ्रेममध्ये दोन फील्ड गुंफलेली) असेल तर स्कॅन ऑर्डर, म्हणजे कुठलं फील्ड आधी, तेही.

मग व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये अशी जागा शोधा जिथे एखादी गोल वस्तू कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून आहे. भिंतीवरचं घड्याळ उत्तम. गाडीचं चाक बाजूने दिसत असेल तर तेही चालेल. आरतीचं ताट बहुतेक वेळा तिरकं धरलेलं असतं, त्यामुळे ते घेऊ नका. व्हिडिओ थांबवा आणि स्क्रीनवर पट्टी लावून वस्तूची रुंदी आणि उंची मोजा. रुंदीला उंचीने भागा.

उत्तर १ च्या आसपास आलं तर आकार बरोबर आहे. १.३३ आलं तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलंय. ०.७५ आलं तर १६:९ चं चित्र ४:३ मध्ये दाबलंय. ०.९२ ते ०.९४ आलं तर पिक्सेलचा टॅग गायब आहे आणि ७२० × ५७६ जसंच्या तसं चौरस पिक्सेलने दाखवलं जातंय. हा शेवटचा दोष सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो, कारण माणसं फक्त थोडीशी बारीक दिसतात आणि कुणाला खटकत नाही.

व्हीएलसीत व्हिडिओ मेन्यूतल्या अ‍ॅस्पेक्ट रेशोमध्ये ४:३ आणि १६:९ आळीपाळीने निवडून बघा. एखाद्या पर्यायावर घड्याळ गोल झालं, तर चित्र शाबूत आहे, फक्त टॅग चुकलाय.

आणि हे सगळं करायच्या आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. पुष्कळ टीव्हींमध्ये पिक्चर साइज किंवा तशाच नावाच्या सेटिंगमध्ये ४:३ चित्र आपोआप रुंद करण्याचा पर्याय चालू असतो. काही टीव्ही तर मधला भाग कमी आणि कडा जास्त ताणतात, त्यामुळे मधला माणूस ठीक आणि कडेचा जाडा दिसतो. असं दिसलं तर फाइल निर्दोष आहे, सेटिंग ओरिजिनल किंवा ऑटोवर टाका.

फक्त टॅग चुकला असेल तर

इथे व्हिडिओ पुन्हा एन्कोड करू नका. एमकेव्हीटूलनिक्स मोफत आहे. फाइल त्यात ओढून टाका, यादीतला व्हिडिओ ट्रॅक निवडा, उजवीकडच्या व्हिडिओ प्रॉपर्टीजमध्ये सेट अ‍ॅस्पेक्ट रेशोसमोर ४/३ किंवा १६/९ लिहा आणि स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग दाबा. तासाभराची फाइलही चटकन होते, कारण चित्राला हात लागतच नाही, ते फक्त नव्या एमकेव्ही फाइलीत भरलं जातं. गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही.

अडचण एकच: काही टीव्ही पेन ड्राइव्हवरून चालवताना हा टॅग वाचत नाहीत. ज्याला फाइल द्यायची त्याच्या टीव्हीवर एकदा लावून पाहा. तिथे चालली नाही तरच खालच्या पद्धतीने चौरस पिक्सेलची नवी फाइल बनवा.

चित्र आधीच ताणून १९२० × १०८० मध्ये पक्कं झालं असेल तर टॅगने भागणार नाही. एडिटरमध्ये रुंदी ७५ टक्के करा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये इन्स्पेक्टरमधल्या झूमच्या दोन आकड्यांमधली साखळी सोडवून एक्स ०.७५ करा, वाय १ च राहू द्या. मूळ कॅसेट किंवा डीव्हीडी अजून हाताशी असेल तर मात्र ही मलमपट्टी न करता पुन्हा डिजिटायझेशन करून घ्या.

मोठं करण्याआधी डीइंटरलेस

जुन्या व्हिडिओचं वाटोळं सर्वांत जास्त इथे होतं. पालच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोघांत १/५० सेकंदाचं अंतर. हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या यामुळेच. फील्ड वेगळी न करता ५७६ ओळींच्या १०८० केल्या की दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. त्या नंतर कुठल्याही फिल्टरने सुट्या होत नाहीत. म्हणून क्रम पाठ असू द्या: आधी डीइंटरलेस (फील्ड वेगळी करून पूर्ण फ्रेम बनवणं), मग क्रॉप, मग आकार वाढवणं, शेवटी रंग.

डीइंटरलेस करताना २५ नव्हे, ५० फ्रेम्स घ्या. दोन फील्डपैकी एक टाकून २५ केलं की नाचातली, वरातीतली हालचाल झटक्याझटक्याने होते, आणि कॅसेटमधला तो सहज प्रवाहीपणा निघून जातो.

फील्डचा क्रम चुकला तर हलणारी वस्तू पुढे-मागे, पुढे-मागे थरथरताना दिसते. मिनीडीव्ही कॅमेऱ्यातून थेट घेतलेली फाइल खालचं फील्ड आधी अशी असते. डीव्हीडी बहुतेक वेळा वरचं आधी. थरथर दिसली की क्रम उलटा करून पाहा, दुसरं काही शोधत बसू नका.

अपवाद एक: फिल्मवर चित्रित केलेला सिनेमा डीव्हीडीवर आला असेल, तर मीडियाइन्फो इंटरलेस्ड म्हणत असलं तरी रेघा दिसत नाहीत. तिथे डीइंटरलेस करू नका, उगाच बारकावे जातात.

हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये हे सगळं एका दमात होतं. मेन्यूंची नावं आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे असतील.

१. फाइल उघडा. डायमेन्शन्स टॅबवर क्रॉपिंग कस्टम करा. डावीकडे ८, उजवीकडे ८, वर-खाली ०. ऑटोमॅटिकवर ठेवू नका. काळोख्या मांडवाचे किंवा रात्रीच्या वरातीचे शॉट असले की प्रोग्राम काळोखालाच पट्टी समजतो आणि चित्र कापतो.

२. अ‍ॅनामॉर्फिक: नन. यामुळे पिक्सेल चौरस होतो आणि टॅगची कटकट कायमची मिटते. मूळ फाइलीचा टॅग चुकीचा असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर चूक नव्या फाइलीत पक्की होईल.

३. रिझोल्यूशन लिमिट काढा, अलाव अपस्केलिंगवर खूण करा आणि माप १४४० × १०८० च्या जवळ आणा. एकदोन टक्क्यांचा फरक आला तरी चालेल.

४. फिल्टर्स टॅबवर इंटरलेस डिटेक्शन ऑफ, डीइंटरलेस बीडब्ल्यूडिफ, प्रीसेट बॉब. बॉब म्हणजेच प्रत्येक फील्डची एक फ्रेम.

५. त्याच टॅबवर कलरस्पेस बीटी.७०९ करा. जुन्या व्हिडिओचे रंग बीटी.६०१ ने लिहिलेले असतात, आणि एचडी मापाची फाइल दिसली की टीव्ही ७०९ गृहीत धरतो. हे न बदलल्यास शालूचा लाल आणि झाडांचा हिरवा थोडा सरकतो. फरक बारीक असतो, पण त्वचेचा रंग बघितला की कळतो.

६. व्हिडिओ टॅबवर एच.२६४, फ्रेम रेट ५० (एनटीएससीला ५९.९४), कॉन्स्टंट, क्वालिटी आरएफ १८. व्हीएचएस कॅसेटच्या चित्रात सळसळणारे कण खूप असल्यामुळे फाइल अपेक्षेपेक्षा मोठी होईल, होऊ द्या.

आधी सगळी फाइल लावू नका. ज्यात हालचाल आणि चेहरे दोन्ही आहेत असा मिनिटभराचा तुकडा काढा, टीव्हीवर बघा, मग पूर्ण फाइलीला लावा.

एफएफएमपेग हा आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी फिल्टरची साखळी याच क्रमाने लिहावी: बीडब्ल्यूडिफ, क्रॉप, स्केल आणि शेवटी सेटसार १. शेवटचा सेटसार (पिक्सेल चौरस असल्याचा टॅग) राहिला तर स्केल जुनं प्रमाण टिकवायला पिक्सेलचा टॅग स्वतःच बदलतो, आणि जुनं प्रमाण चुकलेलं असेल तर चित्र पुन्हा वाकडं दिसतं.

४:३ ला १६:९ मध्ये बसवण्याचे मार्ग

बहुतेक वेळा उत्तम मार्ग म्हणजे पट्ट्या राहू देणं. यूट्यूबवर टाकायचं असेल तर पट्ट्या स्वतः जोडूही नका. १४४० × १०८० ची फाइल जशीच्या तशी चढवा, प्लेअर स्क्रीनप्रमाणे बाजू मोकळ्या सोडतो. पट्ट्या चित्रातच जोडल्या तर जुन्या ४:३ टॅबलेटवर बघणाऱ्याला चारही बाजूंनी काळं दिसतं. यूट्यूबच्या बाबतीत मोठी फाइल करण्याला आणखी एक कारण आहे: सेकंदाला ५० फ्रेम्स तिथे ७२० ओळी आणि त्यापुढेच टिकतात. ५७६ ओळींची फाइल चढवली की तुमची कष्टाने राखलेली हालचाल निम्मी होते.

पट्ट्या चित्रात पक्क्या करायच्या त्या तीनच ठिकाणी: १६:९ च्या माहितीपटात जुना तुकडा घालताना, एलईडी वॉलवर, आणि ज्या टीव्हीचं ताणणं बंद होत नाही तिथे.

पूर्ण पडदा भरण्याचा आग्रह असेल तर कापावं लागतं, आणि कापणं शॉटगणिक करावं लागतं. ५७६ पैकी फक्त ४३२ ओळी उरतात, त्या १०८० पर्यंत अडीच पट फुगवल्या जातात. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच २४० टीव्ही ओळींच्या आसपास असतो. म्हणजे चित्र मऊ दिसणारच. मिनीडीव्हीला हे बऱ्यापैकी सोसतं, व्हीएचएसला कमी. कॅसेटवरून कॅसेट केलेल्या कॉपीला तर अजिबात नाही.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये असं करा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन १९२० × १०८० आणि फ्रेम रेट ५० ठेवा. फ्रेम रेट क्लिप टाकण्याआधीच ठरवा, नंतर बदलता येत नाही. इमेज स्केलिंगमध्ये मिसमॅच्ड रिझोल्यूशनसाठी स्केल एन्टायर इमेज टू फिट निवडा. हँडब्रेकमधून काढलेली १४४० × १०८० ची क्लिप टाका, ती मधोमध पट्ट्यांसह बसेल. आता झूम १.३३४ करा. गणिताने १.३३३ येतं, पण तेवढ्यावर कडेला अर्ध्या पिक्सेलची काळी रेघ उरू शकते.

एवढ्यावर चित्र मधोमध कापलं जातं: वरून १८० ओळी, खालून १८०. लग्नाच्या व्हिडिओत हे जवळजवळ कधीच बरोबर नसतं. अंतरपाटाचा शॉट घ्या. कॅमेरामनने नवरा-नवरीला डोक्यापासून कंबरेपर्यंत धरलेलं असतं आणि फेट्याच्या वर जेमतेम चार बोटं जागा सोडलेली असते. १८० ओळी वरून गेल्या की फेट्याचा तुरा गेला, मुंडावळ्या कपाळावर कापल्या गेल्या. इथे पोझिशन वाय उणे १२० करा. चित्र खाली सरकतं, वरून फक्त ६० ओळी जातात आणि खालून ३००. कंबरेचा भाग आणि अंतरपाटाची खालची कड गेली, चेहरे आणि अक्षता टाकणारे हात राहिले. पुढचा शॉट पंगतीचा आहे. तिथे वर मांडवाचं छत आणि ट्यूबलाइट, खाली पानं आणि वाढणाऱ्याचे हात. पोझिशन वाय अधिक १४० करा, छत जाऊ द्या.

वाय ची मर्यादा दोन्हीकडे १८० आहे, त्यापुढे काळी कड उघडी पडते. व्हीएचएसच्या बाबतीत अधिकच्या बाजूला १५५ च्या पुढे जाऊ नका. कॅसेटच्या तळाच्या आठ-दहा ओळींत कॅसेट वाचणारं हेड बदलताना उमटणारी फडफडणारी पट्टी असते. या झूममध्ये मूळची एक ओळ अडीच ओळींची होते, म्हणजे तळाच्या निदान २५ ओळी कायम कापलेल्या हव्यात.

कॅमेऱ्याने उमटवलेली तारीख कोपऱ्यात असेल तर ती पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. अर्धे कापलेले आकडे सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. शुभविवाहाची पाटी, नावांच्या ओळी, आभाराची पाटी यांना कापू नका. तेवढे शॉट पट्ट्यांसह ४:३ मध्येच राहू द्या. एकाच व्हिडिओत पाट्या ४:३ आणि प्रसंग १६:९ असले तरी प्रेक्षकाला ते समजतं.

एका शॉटमध्ये चौकट शक्यतो हलवू नका. बसलेला माणूस उभा राहिला, म्हणून हलवावीच लागली तर दोन कीफ्रेम (हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण) द्या, दीड ते दोन सेकंदांचं अंतर ठेवा, सुरुवात आणि शेवट मऊ करा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये मूळचीच हालचाल असते. त्यावर तुमची हालचाल चढली की बघणाऱ्याला गरगरतं.

शॉटकट या एडिटरमध्ये हेच मोफत आणि हलक्या कॉम्प्युटरवर होतं. सेटिंग्जमधून व्हिडिओ मोड एचडी १०८०पी ५० एफपीएस निवडा. क्लिप टाइमलाइनवर ठेवा, प्रत्येक शॉट बदलतो तिथे तुकडा करा, आणि फिल्टर्समधून साइझ, पोझिशन अँड रोटेट लावून फिल निवडा. मग उभी जागा वर, मध्ये किंवा खाली अशी ठरवा. डिस्टॉर्ट या पर्यायाला हात लावू नका, चित्र ताणतो तो तोच. क्लिपचा टॅग चुकला असेल तर प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशोचे दोन आकडे तिथल्या तिथे बदलता येतात.

कापणं जड वाटत असेल आणि पूर्ण पट्ट्याही नको असतील तर मधला रस्ता आहे: १४:९. ब्रिटनमध्ये प्रेक्षक ४:३ वरून १६:९ कडे जात होते त्या वर्षांत बीबीसीने हाच तोडगा वापरला. झूम १.१६७ द्या. चित्र १६८० × १२६० होतं, उंचीचा सातवा हिस्सा जातो, बाजूला फक्त १२० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. पोझिशन वाय ची मर्यादा इथे ९० आहे. बोलणाऱ्या माणसांच्या मुलाखती, भाषणं, कीर्तनाचं रेकॉर्डिंग यांना १४:९ फार चांगलं मानवतं, कारण कापायला डोक्यावरची आणि टेबलाखालची रिकामी जागा असतेच.

बाजूंना त्याच चित्राची धूसर आवृत्ती भरायची पद्धत बातम्यांमुळे रूढ झाली आहे. करायची असेल तर खालच्या ट्रॅकवर तीच क्लिप १.३३४ झूमने ठेवा, ब्लर भरपूर द्या, उजेड निम्म्यावर आणा, रंग फिके करा. शॉटकटमध्ये यासाठी ब्लर पॅड हा तयार फिल्टर आहे. तासाभराच्या घरगुती व्हिडिओला हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कडेला सतत काहीतरी हलत राहतं आणि नजर चेहऱ्यावर ठरत नाही. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला ठीक.

एआयने दोन्ही बाजूंचं चित्र नव्याने बनवून चौकट भरणारी साधनंही आली आहेत. जाहिरातीला वापरा. घरच्या किंवा ऐतिहासिक चित्रणात जी माणसं आणि भिंती तिथे नव्हत्याच, त्या घालू नका.

चारही बाजूंनी काळं

रुंद सिनेमा किंवा मालिका ४:३ च्या डीव्हीडीवर वर-खाली पट्ट्या घालून आली, आणि ती १६:९ टीव्हीवर लावली की डावी-उजवीकडेही पट्ट्या येतात. चित्र मधे पोस्टाच्या तिकिटाएवढं. इथे कापल्याने काहीच गमवावं लागत नाही. ७२० × ५७६ मध्ये वरच्या ७२ आणि खालच्या ७२ ओळी या नुसत्या काळ्या आहेत. हँडब्रेकमध्ये टॉप ७२, बॉटम ७२, डावी-उजवी ८ असं क्रॉप करा, उरलेलं ७०४ × ४३२ हे नेमकं १६:९ आहे. १२८० × ७२० करा, ४३२ ओळींना त्याहून मोठं करून हाती काही लागत नाही. सिनेमास्कोप असेल तर चित्र आणखी अरुंद असतं, तेव्हा ७२ वर न थांबता काळं संपेपर्यंत मोजा. सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत छापलेली असतील तर ती क्रॉपमध्ये जातात, हे आधी बघा.

१६:९ चं ४:३

याची गरज कमी पडते, पण पडते: शाळेतल्या किंवा देवळाच्या सभागृहातल्या १०२४ × ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरसाठी, किंवा जुन्या ४:३ चित्रणात एखादा नवा शॉट घालताना.

प्रोजेक्टरसाठी बहुधा काहीच करू नये. १६:९ चं चित्र त्यावर १०२४ × ५७६ बसतं आणि वर-खाली ९६ ओळी काळ्या राहतात. भजनाचे किंवा आरतीचे शब्द दाखवायचे असतील तर १०२४ × ७६८ ची टाइमलाइन करून चित्र वर चिकटवा. खाली एकसंध १९२ ओळींची पट्टी मिळते, त्यात दोन ओळी मोठ्या अक्षरात बसतात आणि चित्रावर अक्षरं येत नाहीत.

डीव्हीडी प्लेअर जुन्या ४:३ टीव्हीला जोडलेला असेल तर फाइलीशी न झगडता प्लेअरच्या सेटअपमध्ये जा. तिथे ४:३ एलबी, ४:३ पीएस आणि १६:९ असे पर्याय असतात. एलबी म्हणजे पट्ट्यांसह पूर्ण चित्र, पीएस म्हणजे कडा कापून. माणसं किडकिडीत दिसत असतील तर तिथे १६:९ निवडलेलं असतं. एलबी करा.

खरोखर कापायचंच असेल तर टाइमलाइन १४४० × १०८० ठेवा आणि स्केल फुल फ्रेम विथ क्रॉप निवडा. पोझिशन एक्स दोन्हीकडे २४० पर्यंत सरकतो. आकडा अधिक केला की चित्र उजवीकडे जातं आणि डावा भाग दिसतो. दोघं बोलत असतील आणि दोन टोकांना असतील, तर चौकट एकाकडून दुसऱ्याकडे सरकवू नका. वाक्य संपतं तिथे शॉटचे दोन तुकडे करा, पहिल्यात एक माणूस, दुसऱ्यात दुसरा. डोळ्याला ते साध्या कटसारखं वाटतं. सामूहिक नाच, लेझीम, रांगेत उभी मुलं यांना कापू नका. कडेला उभं राहिलेलं मूल कुणाचं तरी असतंच. असे शॉट पट्ट्यांसह ठेवा.

नव्या चित्रणातून ४:३ लागणार हे आधीच माहीत असेल तर कॅमेऱ्यात ४:३ च्या मार्गदर्शक रेघा चालू करा आणि महत्त्वाचं सगळं त्या रेघांच्या आत ठेवा.

देण्यापूर्वी

तयार फाइल मीडियाइन्फोमध्ये पुन्हा उघडा. डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो हवा तोच, स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह, फ्रेम रेट ५०.००० (एनटीएससीला ५९.९४०) कॉन्स्टंट. तेच घड्याळ, तीच पट्टी, पुन्हा मोजा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. आवाज हळूहळू मागे पडत असेल तर बहुतेक वेळा फ्रेम रेट कुठेतरी व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा, राहिलेला असतो.

कॅसेटवरून काढलेली मूळ ७२० × ५७६ ची इंटरलेस्ड फाइल पुसू नका, तिचं नावही बदलू नका. मिनीडीव्हीची असेल तर तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, म्हणून मोह होतो. पण डीइंटरलेसचे फिल्टर वर्षागणिक सुधारत आहेत, आणि त्यांना चांगलं काम करायला मूळ फील्डच लागतात. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कुठल्या कॅसेटची, फील्डचा क्रम कोणता, किती क्रॉप केलं.